मेंदूतल्या ॲन्युरिझमचं (रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचं) कॉइलिंग झालं, पेशंट नीट बोलतोय, मग आयसीयूतून हलवत का नाहीत?

मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. तुमचे मामा शुद्धीवर आहेत, सगळ्यांना ओळखतात, तरी उगाच ठेवून घेतलंय असं तुम्हाला वाटतंय. हा संशय आम्हाला नवा नाही, पण इथे तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या 24 तासांत सगळ्यात जास्त, म्हणून कॉइलिंग (फुग्यात बारीक तारेची गुंडाळी भरून तो बंद करणं) किंवा क्लिपिंग (बाहेरून त्याला चिमटा लावणं) घाईने उरकतात. पण आधीच सांडलेलं रक्त त्याने निघून जात नाही. ते मेंदूच्या तळाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून राहतं. विरघळताना ते त्या वाहिन्यांना चिडवतं आणि त्या आकसतात. हाच व्हॅसोस्पाझम. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू होतो, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास जोरात असतो आणि चौदाव्यापर्यंत धास्ती राहते. कॉइल अगदी छान बसलेली असतानाही या काळात स्ट्रोक होऊ शकतो.

म्हणून तर आम्ही रात्रीसुद्धा तासातासाला उठवतो: डोळ्यांत टॉर्च, 'दोन्ही हात वर धरा', 'महिना कोणता चाललाय?' पेशंट वैतागतात, बरोबरच आहे. निमोडिपिन नावाचं औषधही सहसा दर 4 तासांनी 60 मिलिग्रॅम, 21 दिवस चालतं. बीपी फार उतरलं तर तोच डोस निम्मा करून दर 2 तासांनी देतात. फुगा एकदा बंद झाला की आम्हाला बीपी वाढण्यापेक्षा पडण्याची धास्ती जास्त. त्यातच रक्तातलं सोडियम घसरतं, किंवा मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबून पेशंट सुस्तावतो; मग ते पाणी नळी घालून काढावं लागतं.

तुमचा उपयोग इथे खरंच होतो, कारण मामा एरवी कसे बोलतात हे आम्हाला माहीत नसतं. एखाद्या बाईंच्या लक्षात येतं, 'हे चष्म्याला ते-ते म्हणतायत', आणि तेव्हा आमच्या तक्त्यावर सगळं ठीकच असतं. शब्द सापडेनासा झाला, एक हात कमी वापरात आला, झोप वाढली, तर राउंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरला सांगा.

आणि डॉक्टरांना 'कधी सोडणार?' ऐवजी 'आज कितवा दिवस?' असं विचारा. हे दिवस रक्तस्राव झाला तेव्हापासून मोजतात, ॲडमिट झाल्यापासून नाही. डोकेदुखीचा झटका आल्यावर तुम्ही दोन दिवस घरी काढले असतील, तर तेही त्यात धरा.