बाँड भर नाहीतर मार्कशीट विसर: नोकरीच्या करारांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वकीलताई, मी मूळचा लातूरचा, इंजिनियरिंग झाल्यावर हिंजवडीत एका छोट्या आयटी कंपनीत लागलो. जॉइन होताना ५०० च्या स्टँप पेपरवर दोन वर्षांचा बाँड करून घेतला, मधेच सोडलं तर ३ लाख भरायचे. दहावी, बारावी, डिग्रीच्या ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतल्या आणि सही केलेला एक कोरा चेक पण. हातात येतात २२ हजार. ट्रेनिंग म्हणाल तर पंधरा दिवस एका सीनियरच्या शेजारी बसवलं, बस. आता अकरा महिन्यांनी चांगली ऑफर आलीय तर एचआर म्हणतंय राजीनामा ॲक्सेप्टच करणार नाही, पैसे भर नाहीतर केस टाकतो. बाबा म्हणतात सही केलीयस ना, मग गप्प दोन वर्षं काढ. (नाव छापू नका)

उत्तर: बाबांचं घाबरणं समजू शकते, स्टँप पेपर बघितला की आपल्याकडे माणसाला घाम फुटतो. पण स्टँप पेपर म्हणजे सरकारला भरलेलं शुल्क, आत लिहिलेली अट कायद्यात बसते की नाही हे त्याच्यावरून ठरत नाही. जी अट साध्या कागदावर चालत नाही ती ५०० च्या कागदावर पण चालत नाही.

राजीनाम्याचं आधी बघू. "ॲक्सेप्ट करणार नाही" ही नुसती धमकी आहे. खाजगी नोकरीचा करार मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, पण माणसाला पकडून आणून कामाला बसवा असा आदेश कोर्ट देत नाही, विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम १४ त्यासाठीच आहे. तू ईमेलने राजीनामा दे, पर्सनल आयडीला सीसी ठेव (ऑफिसचा आयडी ते उद्या बंद करतील), आणि करारात जेवढा नोटीस पिरियड आहे तेवढा इमानदारीत पूर्ण कर. लोक चिडून एका दिवसात लॅपटॉप टेबलावर ठेवून निघून जातात आणि मग कंपनीच्या हातात खरीखुरी तक्रार देतात, तसं करू नकोस.

आता ३ लाख. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळणार ती वाजवी भरपाई, आणि ती फार तर त्या रकमेपर्यंत. म्हणजे ३ लाख ही वरची मर्यादा झाली, तुझ्या नावावरची उधारी नाही. कोर्टात गेलं तर पहिला प्रश्न हाच येणार की तुमचा खर्च किती झाला, कोणतं ट्रेनिंग दिलं, बिलं कुठायत. सीनियरच्या शेजारी पंधरा दिवस बसवण्याचं बिल कसं बनवणार ते बघायला मलाही आवडेल. शिवाय अकरा महिने तू काम करून दिलंयस, तेही हिशोबात धरावं लागतं.

पण म्हणून बाँड म्हणजे रद्दी असंही समजू नका कोणी, व्हॉट्सॲपवर तसले मेसेज फिरतायत म्हणून मुद्दाम सांगतेय. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या एका केसमध्ये तीन वर्षं नोकरी नाहीतर २ लाख भरा ही अट मान्य केली. तिथं बँक सरकारी, पोस्ट अधिकाऱ्याची, पगार बऱ्यापैकी, आणि माणूस मधेच गेला की जाहिरातीपासून सगळी भरती नव्याने करायचा खर्च, हे सगळं कोर्टाने बघितलं. तुझ्या कंपनीने ह्यातलं काय केलं ते तुला माहितीच आहे. त्या निकालाचा नंबर टाकून एचआर मेल पाठवेल तेव्हा गोंधळू नकोस, निकाल खरा आहे पण तुझी गोष्ट वेगळी आहे. कंपनीने तुला सहा महिने बाहेर पाठवून महागडं सर्टिफिकेशन करून आणलं असतं तर मी तुला सांगितलं असतं की बाबा बस, काहीतरी रक्कम ठरव आणि मोकळा हो.

मार्कशीटवरून मात्र मला खरंच राग येतो. तू करार मोडलास असं घटकाभर धरलं तरी दुसऱ्याची डिग्री कपाटात कोंडून ठेवायचा हक्क मालकाला कुठल्याच कामगार कायद्याने दिलेला नाही. आधी ईमेलवर मागणी कर, कोणत्या तारखेला कोणते कागद कोणाकडे दिले ते नावानिशी लिही. सात दिवसांत नाही आले तर वकिलाची नोटीस, तरी नाही तर पोलिसात लेखी तक्रार, आणि अनुभव असा की बहुतेक ठिकाणी नोटीस पोचल्यावर फाईल आपोआप सापडते. एक सांगून ठेवते, "हरवल्या" असं प्रतिज्ञापत्र करून युनिव्हर्सिटीतून डुप्लिकेट काढायचा सल्ला मित्र देतील, तो ऐकू नकोस. त्या हरवलेल्या नाहीत हे तुला माहितीय आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, फुकट तूच अडकशील.

कोरा चेक हा तुझ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. तारीख ते कधीही टाकू शकतात त्यामुळे तीन महिन्यांची मुदत संपली म्हणून सुटलो असं होत नाही, आणि बँकेत स्टॉप पेमेंट केलं तरी कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची केस होऊ शकते. म्हणून आजच मेल कर की अमुक नंबरचा चेक मी जॉइन होताना तारण म्हणून कोरा दिला होता, माझ्याकडे कंपनीचं काही येणं नाही, चेक परत करा. उद्या बाउन्स झाल्याची नोटीस आलीच तर १५ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे, नोटीस उशीखाली ठेवून झोपायचं नाही. १३८ मध्ये देणं कायदेशीर होतं की नाही हा मुद्दा लढता येतो आणि तेव्हा हा आजचा मेल फार कामाला येतो.

राहिलं फुल अँड फायनल, म्हणजे सोडताना मिळायचा शेवटचा हिशोब. एचआर ४५ दिवस सांगेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करायचा असं लिहिलंय. ते कलम १७ आहे, मेलमध्ये नंबरासकट टाक, शिव्या देण्यापेक्षा नंबर जास्त लागतो.

प्रश्न: मॅडम, भोसरीत एका मशिन टूल कंपनीत सेल्स इंजिनियर आहे, नऊ वर्षं झाली. ऑफर लेटरमध्ये आहे की सोडल्यावर दोन वर्षं महाराष्ट्रात कुठल्याही कॉम्पिटिटरकडे काम करायचं नाही. मला दुसरं कामच येत नाही हो, मग दोन वर्षं काय भाजी विकू?

उत्तर: भाजी विकायची वेळ येणार नाही. करार अधिनियमाचं कलम २७ म्हणतं की माणसाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची २००६ ची केस आहे, पर्सेप्ट डी'मार्क ह्या कंपनीशी त्याचा करार संपला होता तरी पुढच्या जाहिरातींच्या डीलवर आमचा पहिला हक्क असं कंपनी म्हणत होती, सुप्रीम कोर्टाने करार संपल्यानंतरचं असं बंधन कलम २७ मध्ये चालत नाही असं सांगितलं. फास्ट बोलरला जे लागू ते सेल्स इंजिनियरला पण लागू.

पण ह्यात एक मेख आहे. करार चालू असतानाचं बंधन वेगळं. १९६७ ची जुनी केस कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनची, टायर कॉर्डच्या खात्यातला निरंजन शंकर गोलिकरी नावाचा शिफ्ट सुपरवायझर, पाच वर्षांचा करार होता आणि तो मधेच जास्त पगारावर कोटाच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. कोर्टाने कराराची मुदत संपेपर्यंत त्याला त्या प्रकारच्या कामापासून रोखलं. तुमच्या लेटरमध्ये ठराविक मुदत नसेल, नुसता नोटीस पिरियड असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत समोरच्या कंपनीचं एक कोटेशन पण बनवू नका.

आणि कस्टमर लिस्ट, ड्रॉइंग, रेट शीट हे पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जायचं मनात सुद्धा आणू नका. डोक्यात जे आहे ते तुमचं, सर्व्हरवर जे आहे ते त्यांचं. कलम २७ तुम्हाला नोकरी करायचं स्वातंत्र्य देतं, फाइली न्यायचं नाही.

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत सहा वर्षं काम करतोय, दर अकरा महिन्यांनी चार दिवस ब्रेक आणि नवीन काँट्रॅक्ट. आता बंद करतायत. साहेब म्हणतात काँट्रॅक्टवाल्याला ग्रॅच्युइटी नसते आणि "मागणार नाही" म्हणून तुझी सही पण आहे.

उत्तर: साहेबांना म्हणावं, ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातच कलम १४ होतं की करारात काहीही लिहिलं असलं तरी हा कायदाच वरचढ. तुमची ती सही ह्या हक्कापुरती कागदावरची शाई आहे. वर्षात २४० दिवस काम भरलं की ती सेवा सलग धरतात आणि अकरा महिने म्हणजे त्याच्या कितीतरी वर, चार दिवसांच्या ब्रेकने काही तुटत नाही. माणसाला वर्षानुवर्षं टेंपररी ठेवून कायम कामगाराचे हक्क न देणं ही आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर ठराविक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं नोकरीची जुनी अट पण उरलेली नाही.

हिशोब सोपा, शेवटचा पगार गुणिले १५ गुणिले वर्षं भागिले २६. इथे शेवटचा पगार म्हणजे बेसिक आणि डीए, आणि गंमत इथेच करतात. समजा एकूण २४,००० देतात आणि बेसिक दाखवतात ८,०००, तर सहा वर्षांचे होतात २७,६९२. पण नव्या संहितेतल्या पगाराच्या व्याख्येत भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारात मिळवायचा, म्हणजे १२,००० धरायचे आणि रक्कम होते ४१,५३८. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ३० दिवसांत नाही आले तर व्याजासकट मागायला कामगार आयुक्त कार्यालयात जा. जाताना सगळी जुनी काँट्रॅक्ट, पीएफचं पासबुक आणि गेट पास न्या, सहा वर्षं तिथंच होतो हे पीएफच्या नोंदींवरून चटकन दिसतं.

प्रश्न: ताई, कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, साठेक स्टाफ आहे. जॉइन होताना लिहून घेतलंय की दोन वर्षं मूल होऊ देणार नाही. आता तिसरा महिना आहे, पहिलंच बाळ. कळलं तर काढतील.

उत्तर: आधी अभिनंदन! त्या कागदाला काही अर्थ नाही, एअर होस्टेसना पहिल्या गरोदरपणात घरी पाठवायचा एअर इंडियाचा नियम सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच रद्द केला. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची भरपगारी रजा तुमचा हक्क, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि ह्या रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर. त्याच्या आधीच गरोदर म्हणून काढलं तरी प्रसूतीचे पैसे बुडत नाहीत. लपवू नका, उलट डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण नंतर ते "आम्हाला माहितीच नव्हतं, कामात चूक केली म्हणून काढलं" असं म्हणतात. वकील परवडत नाही असं तुम्ही खाली लिहिलंय, तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. आधार कार्ड आणि अपॉइंटमेंट लेटर घेऊन जा, आणि तो लिहून घेतलेला कागद मोबाईलमध्ये असेल तर त्याची प्रिंट काढून न्या, तो आता तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.