व्हिएतनाम-सिंगापूरला कॅश न्यायची की कार्ड? आधी रुपया कितीदा बदलतोय ते मोजा

ताई, तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन आठ दिवस व्हिएतनाम आणि येताना तीन दिवस सिंगापूर करायचंय, बाबा म्हणतायत सगळे अमेरिकन डॉलर इथूनच घेऊन जाऊ आणि भाऊ म्हणतोय आता कॅश कोण नेतं, कार्ड पुरे. बाबांचं व्हिएतनामसाठी बऱ्यापैकी बरोबर आहे आणि भावाचं सिंगापूरसाठी. पण दोघंही एक गोष्ट बघत नाहीयेत. पैसे जातात ते रुपया वाटेत बदलताना, आणि जो बदलून देतो तो दरवेळी आपला वाटा कापून घेतो, मग तो फोर्टमधला फॉरेक्सवाला असो, आपली बँक असो किंवा तिथल्या दुकानातलं मशीन असो. म्हणून कुठलाही पर्याय समोर आला की दोनच गोष्टी विचारायच्या, रुपया कितीदा बदलला आणि प्रत्येक वेळी कोणी किती घेतले.

आधी तुमच्याकडे आत्ता आहेत त्या कार्डांचं बघा. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परदेशात ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याची बँकेची फी लागते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. लाखभर रुपये खर्च केले तर ४,१३० रुपये नुसते बदलण्याचे गेले. काही कार्डांवर हा मार्कअप २ टक्के असतो, काहींवर शून्य, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या कार्डांचं चार्जेसचं पान उघडून बघा, भावाच्या नाहीतर बाबांच्या पाकिटात एखादं बरं कार्ड पडलेलं असू शकतं. शून्य मार्कअपवालं निघालं तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे आईबाबांनाही शिकवून ठेवा. तिकडे कार्ड दिलं की मशीनवर कधीकधी विचारतात, पैसे रुपयात घेऊ की डोंगमध्ये, म्हणजे व्हिएतनामच्या चलनात. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून आपलं बोट आपोआप तिकडे जातं. तिथे रुपये कधीच निवडायचे नाहीत! तो भाव दुकानाच्या मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात चार-पाच टक्के सहज गेलेले असतात, कधी त्याहून जास्त. वर गंमत म्हणजे पैसे रुपयात कापले तरी व्यवहार परदेशातला म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच बँका त्यावर वेगळी फी लावतात, म्हणजे दोन्हीकडून कात्री. एटीएमवर पण हाच प्रश्न येतो, तिथे कन्व्हर्जन नको हे बटण दाबायचं, पैसे तरीही मिळतात, फक्त भाव व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कचा लागतो जो जवळपास बाजारभावच असतो. काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो, म्हणून पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर कुठलं चलन आहे ते बघायचं, आणि रुपये दिसले तर कॅन्सल करून परत करायला सांगायचं. लाज वाटून घेऊ नका, त्यांना त्याची सवय असते.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, सगळे एजंट पुढे करतात. सिंगापूरसाठी ठीक आहे, कारण सिंगापूर डॉलर बहुतेक मल्टीकरन्सी कार्डांत भरता येतो, म्हणजे रुपया एकदाच बदलतो. व्हिएतनामचा डोंग मात्र या कार्डांत सहसा नसतो. मग तुम्ही अमेरिकन डॉलर भरता, तो एक बदल झाला, आणि तिकडे स्वाईप केलं की डॉलरचे डोंग होताना क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो, बऱ्याचदा तो साध्या क्रेडिट कार्डाच्या मार्कअपइतकाच. दोनदा बदलून वर पैसे आधीच अडकवायचे, व्हिएतनामसाठी मला ते पटत नाही.

तुम्ही म्हणाल डॉलरच्या नोटा नेल्या तरी दोनदाच बदलणार. बरोबर आहे, पण इथे दोन्ही बदल तुमच्या डोळ्यासमोर होतात आणि भाव विचारून दुसरीकडे जाता येतं. डोंग मुंबईत घ्यायच्या भानगडीत पडू नका, मिळाले तरी भाव वाईट असतो. डॉलर घ्या, शक्यतो १०० च्या नोटा, कारण तिकडे छोट्या नोटांना कमी भाव देतात. आणि नोटा काउंटरवरच एकेक करून बघून घ्या, पेनाची खूण, शिक्का, कोपरा फाटलेला असं काही असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा, तिकडे अशी नोट घेत नाहीत किंवा भाव पाडून घेतात.

घ्यायचे कुठून, तर फोर्ट, दादर, पार्ले कुठेही, फक्त रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे ना बघा, पावती घ्या आणि एअरपोर्टवर ऐनवेळी घेणं टाळा. बोर्डावरचा भाव बघू नका. ५०० डॉलरचे सगळं धरून, जीएसटीसकट, हातात किती रुपये मोजायचे ते विचारा, त्याला ५०० ने भागा आणि गूगलवर दिसणाऱ्या भावाशी ताडून बघा, एक-दीड टक्क्याच्या आत फरक असेल तर घेऊन टाका. जीएसटी यात फार नसतो, लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये. ५०,००० च्या वर रक्कम असेल तर रोख चालत नाही, बँकेतून द्यावी लागते. नोटांची मर्यादा माणशी ३,००० डॉलर आहे, तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. टीसीएसची (फॉरेक्स घेतानाच आगाऊ कापला जाणारा कर) काळजी बाबांना असेल तर सांगा, स्वतः विकत घेतलेल्या फॉरेक्सवर तो वर्षाला १० लाखाच्या पुढेच लागतो, टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत.

हॉटेलं आणि हालाँग बेची क्रूझ आधीच कार्डाने बुक केली असेल तर तिघांना आठ दिवसांना ५०० ते ६०० डॉलर पुरतात. उतरल्यावर विमानतळावर १०० ची एकच नोट मोडा, बाकी शहरात बँकेत किंवा अधिकृत काउंटरवर लागतील तशा, सगळ्या एकदम नको, कारण उरलेले डोंग मुंबईत कोणी धड घेत नाही, डॉलर मात्र पुढच्या ट्रिपला राहतात (२,००० पर्यंत ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे). एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात त्यामुळे शून्यं बघून आई गोंधळतील. २०,००० ची आणि ५,००,००० ची दोन्ही नोटा निळ्या आहेत, एक ७० रुपयांची आणि दुसरी सतराशेची, संध्याकाळच्या उजेडात बाजारात हमखास चूक होते. ५,००,००० वाल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. फो (तिथलं नूडल सूप), कॉफी, बाजार, टिप सगळं कॅश. छोट्या दुकानात कार्ड घेतलं तर ३ टक्के वर मागतात, आधी विचारा. क्यूआर कोड जिथे तिथे दिसेल पण तो तिथल्या बँकांच्या ॲपसाठी, आपल्या यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

सिंगापूरला उलटं. कार्ड जवळपास सगळीकडे. मेट्रो आणि बसला कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, पण एका कार्डावर एकच माणूस, तिघांना तीन कार्डं लागतील, आणि परदेशी कार्डावर वापराच्या दिवशी ६० सेंट जादा लागतात. बाबांकडे तसं कार्ड नसेल तर स्टेशनवर ईझी-लिंक हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड घेऊन द्या. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, काही स्टॉलवर कॅशच लागते, तेवढ्यासाठी १०० सिंगापूर डॉलर बास. हॉटेलात डिपॉझिट मागतील, तिथे क्रेडिट कार्डच द्या, नुसती लिमिट अडकते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश मात्र काढू नका, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, २०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच येतो. दुकान, ऑनलाईन, एटीएम, कॉन्टॅक्टलेस अशी वेगवेगळी बटणं असतात, लागतील तीच चालू ठेवा आणि लिमिट कमी ठेवा, कारण परदेशी वेबसाईटवर ओटीपीशिवायही पैसे कापले जाऊ शकतात. सिमवर रोमिंग चालू ठेवा, नाहीतर जिथे ओटीपी लागेल तिथे अडकाल. दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे द्या. सायगावमध्ये (हो ची मिन्ह सिटी) मोटारसायकलवरून बॅग खेचतात, सगळं आईंच्या एकाच पर्समध्ये नको.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाची २५ डॉलर फी ऑनलाईन कार्डानेच भरायची आहे, ती जे कार्ड न्यायचंय त्यानेच भरा, म्हणजे ते बाहेर चालतं की नाही ते घरी बसूनच कळेल, आणि स्टेटमेंट आलं की मार्कअप नेमका किती कापला तेही दिसेल. तो आकडा इथे टाका, मग कुठलं कार्ड कुठे वापरायचं ते बघून सांगतो.