पोर्ट्रेटमध्ये रंध्रं राहू देत

भावा, तुझा नवरीचा फोटो पाहिला. लाईट झकास पकडलायस, पण ब्लर मारून गाल पार मेणाचे केलेस. खाली कोल्हापुरी साजाचं पान न् पान स्पष्ट आणि वर चेहऱ्यावर एक रंध्र नाही. नजर तिथंच अडकते.

आधी ठरव, काय जाणार आणि काय राहणार. पुटकुळी, ओरखडा, घामोळं चार दिवसांत जाणारच, ते खुशाल काढ. तीळ, जुना व्रण, हसताना पडणाऱ्या रेषा त्या माणसाच्या आहेत. तालमीतल्या पैलवानाचा मोडलेला कान तर अजिबात सरळ करू नकोस, ती त्याची कमाई आहे.

फोटोशॉपमध्ये फोटोच्या वर रिकामा लेअर घे, डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशचं सॅम्पल 'करंट अँड बिलो' ठेव, ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा. मग डॉज-बर्न, म्हणजे ठिकठिकाणी हलकं उजळ-गडद करणं: ५० टक्के ग्रे भरलेला लेअर, मोड सॉफ्ट लाईट, मऊ ब्रश, फ्लो २-३ टक्के. यात रंध्रं जागच्या जागी राहतात, फक्त उजेड-सावलीचे ठिगळ जुळतात. वेळ खातं, पण खरं काम हेच. फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे त्वचेचा पोत आणि रंग वेगळ्या लेअरवर घेऊन काम करणं, सध्या राहू दे. हात बसला नसेल तर त्यातही चेहरा असाच गुळगुळीत होतो.

घामाची चकाकी शूटच्या वेळीच टिश्यूनं टिपून घे. आणि सारखा २०० टक्के झूमवर बसू नकोस, मधेमधे पूर्ण फोटो बघ. शेवटी मूळ फोटोवरचे हे सगळे लेअर ग्रुप करून ओपॅसिटी ७०च्या आसपास उतरव आणि मूळ फोटोशेजारी ठेवून मला पाठव.