शिलेली: काठी कशी घडते, तिचा अर्थ काय आणि वापरायची कशी

डब्लिनहून आणलेली काळी, गड्ड्याची काठी नुसती शोभेची का, आणि चालायला वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. तिला शिलेली म्हणतात. चालायला आधार आणि वेळ पडली तर हत्यार, अशी दोन्ही कामं ती करत आली. आयर्लंडच्या विकलो काउंटीत याच नावाचं गाव आहे, तिथली ओकची जंगलं एकेकाळी प्रसिद्ध होती. काठी ओकचीही करत, पण जास्त मान ब्लॅकथॉर्नच्या काठीला. हे आलुबुखाराच्या कुळातलं काटेरी झुडूप शेताच्या कुंपणाला असतं.

फांदी हिवाळ्यात तोडतात, तेव्हा लाकडात रस कमी असतो. मूठ वरून बसवलेली नसते, मुळाजवळचा गड्डाच मूठ होतो. साल ठेवतात, काटे छाटून नुसते खुंट राखतात. खरी परीक्षा वाळवण्यात. घाई केली की बाहेरचं लाकूड आधी आकसतं, आतलं ओलंच राहतं आणि काठी उभी तडकते. म्हणून पूर्वी लोणी किंवा चरबी चोळून ती धुराड्यात ठेवत. चरबीमुळे ओल सावकाश सुटे आणि काजळीने काळी चकाकी येई. काहीजण गड्डा पोखरून आत शिसं ओतत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जत्रांमध्ये घराण्यांचे आणि गावांचे गट याच काठ्यांनी भिडत. आयर्लंडच्याच केरी काउंटीतल्या बॅलीये इथे 24 जून 1834 रोजी घोड्यांच्या शर्यतीत अशी मारामारी पेटली आणि वीसेक माणसं गेली. काठी खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश वर धरत, म्हणजे धरलेल्या हाताखालचा भाग कोपराला ढालीसारखा येई. ही शिकून घ्यायची विद्या होती. पुढे व्यंगचित्रांनी दारुड्या, भांडखोर आयरिश माणसाच्या हातात हीच काठी दिली. हा सरळ अन्याय होता. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्स या पलटणीचे अधिकारी आजही ब्लॅकथॉर्नची काठी मानाने बाळगतात.

आता तुमची काठी. आधी गड्डा बघा: जोड दिसला किंवा आरपार भेग असली, तर वजन टाकू नका. तसं काही नसेल तर चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. गड्ड्याचा माथा मनगटाच्या घडीपाशी यायला हवा. लांब असेल तर खालून कापा आणि आपल्या गुळगुळीत फरशीसाठी रबरी टोपी बसवा. लाकूड रुक्ष दिसलं की जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या. पण वॉर्निश असेल तर तेल आत मुरणार नाही, वर चिकटच राहील.