वाचकांचे प्रश्न : रिमोटच्या गाडीला चपलेचे टायर

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या चौदा वर्षांच्या नातवाकडे रिमोटवर चालणारी, मूळ मोटारीच्या एक दशांश आकाराची गाडी आहे. आमच्या गच्चीवर चायना मोझेक असल्यामुळे विकतचे रबरी टायर दोन महिन्यांत संपले. नवा संच वारंवार घेणे परवडत नाही, म्हणून हवाई चपलेच्या चकत्या कापून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने रिमवर बसवल्या, पण पंधरा मिनिटांत त्या सुटून आल्या. पुढे सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवले, तेही तुटले. चपलेपेक्षा कठीण रबर वापरावे काय? घरच्या घरी अधिक टिकणारे टायर करण्याची रीत सांगावी. दोन मेलेले टायर सोबत पाठवीत आहे. — एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपण श्रीखंडाच्या डबीतून टायर पाठवलेत हे फार उत्तम केले, कारण टायर कशाने गेला हे पाहिल्याशिवाय त्याचे आयुष्य वाढवण्याचा उपाय सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे आहे. आपल्या पत्रातील मुख्य प्रश्न रबराच्या कठीणपणाचा आहे, पण डबीतील दोन्ही टायर निराळीच हकीगत सांगतात. चपलेची चकती जवळजवळ नवी आहे. तिच्या आतल्या बाजूला काचेसारखा कडक, पांढुरका पापुद्रा आहे आणि रिमवर रबराचा एक कणही राहिलेला नाही. जोड पक्का असता तर रबर फाटले असते आणि त्याचे तुकडे रिमला चिकटून राहिले असते. अर्थात येथे रबर झिजलेच नाही, गोंदाने दगा दिला. दुसरा, म्हणजे विकतचा मागील टायर, बाहेरच्या कडेला चांगला असून आतल्या कडेला मात्र स्पंज दिसेपर्यंत खलास झाला आहे, आणि त्याच्या एका चिरेत तांदळाच्या कणीएवढा टाइलचा तुकडा अजून रुतलेला आहे. हा टायर धावून झिजलेला नसून फरफटत गेलेला आहे. त्याचा दोष गाडीच्या चाकांच्या कलात आहे, त्याकडे शेवटी येतो.

प्रथम गोंदाविषयी. झटपट गोंद वाईट असतो असे नाही, विकतचे टायर रिमला बहुधा त्याच जातीच्या गोंदाने चिकटवतात. परंतु तेथे टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसलेली असते, आणि गोंदाचे काम तिला तेथून हलू न देणे एवढेच असते. आपल्या चकतीला कड नाही, रिमला खाच असून तिचा उपयोग नाही, आणि सच्छिद्र रबर वाकते तेव्हा वाळून ताठ झालेला गोंद त्याच्याबरोबर वाकत नाही, तडकतो. येथे चप्पल-बुटांचे तळ चिकटवण्यासाठी मोची वापरतात तो पिवळसर रबरी गोंद हवा. चांपानेर दरवाजाच्या बाजूला काय किंवा अन्यत्र काय, चप्पल-बुटांचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो सुटाही मिळतो. रिम आणि रबर दोन्ही ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करावे. नवीन रिमवर साच्यातून आलेला तुळतुळीतपणा असतो, तो पूर्ण जाईपर्यंत घासण्याचा कंटाळा करू नये. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा पातळ हात द्यावा, आणि बोट लावल्यावर गोंदाची तार सुटेनाशी झाली की मगच दोन्ही भाग एकमेकांवर दाबावेत. ओला असताना चिकटवणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि एकदा टेकवल्यावर सरकवता येत नाही, म्हणून खूण करूनच टेकवावे. पुढे चोवीस तास गाडीला हात लावू नये. (नातवाला हे पटवणे गोंदापेक्षा अवघड आहे, याची कल्पना आहे.) या गोंदाच्या वाफा डोक्याला चढतात आणि पेट घेतात, म्हणून हे काम गच्चीवर किंवा ओट्यावर, गॅसच्या शेगडीपासून दूर करावे.

सुटण्याचे कारण समजण्यासाठी एक छोटे गणित उपयोगी पडेल. आपल्या टायरचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १९८ मिलिमीटर आहे. गाडी ताशी ३० किलोमीटरने धावली तर हे चाक सेकंदाला सुमारे ४२ फेरे घेते, आणि त्या वेळी कडेवरच्या प्रत्येक ग्रॅम रबराला सुमारे सव्वादोनशे ग्रॅम वजनाइतकी बाहेर ओढ बसते. वेग दुप्पट केला की ही ओढ चौपट होते. त्यामुळे घरगुती टायर शक्य तितका हलका ठेवणे, आणि जड रबर फक्त जमिनीला लागते तेवढ्याच जागी वापरणे, हे ओघानेच येते.

यावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की चपलेऐवजी कठीण रबर नको, चपलेवर कठीण रबर हवे. आपल्या चकत्या फेकू नयेत. मात्र त्या रबराच्या आहेत ना हे पाहावे. हल्ली पुष्कळ स्लिपर रबराऐवजी फोमच्या असतात. त्या हाताला फारच हलक्या लागतात, आणि नखाने दाबल्यावर पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहतो. असा फोम गाडीच्या वजनाखाली हळूहळू बसतो आणि चाक अंडाकृती होते. रबरी तळ लगेच उसळून वर येतो. आपण पाठवलेली चकती रबरीच आहे. जुनी, उन्हाने कडक होऊन भेगाळलेली चप्पल मात्र कामाची नाही.

रिमची रुंदी २६ मिलिमीटर आणि व्यास ५२ मिलिमीटर आहे. चपलेचा तळ तेवढा जाड नसल्यामुळे प्रत्येक चाकाला दोन चकत्या शेजारीशेजारी बसवाव्या लागतील, आणि मधले भोक ५२ ऐवजी ५० मिलिमीटरचे ठेवावे, म्हणजे गोंदाच्या आधीच चकती स्वतःच्या ओढीने रिमला पकडून राहील. बाहेरून ती घासत घासत ५८ मिलिमीटरवर आणावी. त्यावर सायकलच्या टायरची पट्टी लावायची आहे. आपल्या घरी ट्यूब होती म्हणजे टायरही असेल, नसल्यास पंक्चरवाल्याकडे कोपऱ्यात पडलेला असतोच. त्याच्या जमिनीला लागणाऱ्या भागात काजळी मिसळलेले रबर असते. काजळीमुळे रबर नुसते काळे होत नाही, त्याची घासण्याला तोंड देण्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. प्रारंभीच्या मोटारींचे टायर फिकट रंगाचे असत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काजळीचा वापर रूढ होऊ लागला आणि टायर काळा झाला. आपल्या शहराजवळ लिमडा आणि हालोल येथे जे मोठ्या गाड्यांचे टायर बनतात त्यांच्यातही हीच काजळी असते. चपलेचा पांढरा-निळा तळ सुंदर दिसतो, पण मोझेकवर तो खोडरबरासारखा झिजतो.

पट्टीची लांबी गणिताने ५८ गुणिले ३.१४, म्हणजे १८२ मिलिमीटर येते, परंतु प्रत्यक्षात घासलेल्या चकतीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावरूनच कापावी हे बरे. दोन्ही टोके सरळ कापू नयेत. दोन्ही एकाच दिशेने ४५ अंशांत तिरपी कापावीत, म्हणजे लांबी न वाढवता जोड तिरका येतो. सरळ जोडाची अख्खी धार प्रत्येक फेऱ्याला एकदम जमिनीवर आपटते आणि तेथून सोलायला सुरुवात होते. तिरका जोड थोडाथोडा टेकतो. जोडाच्या तोंडावर मात्र झटपट गोंदाचा एक थेंब अवश्य द्यावा, तेथे त्याचा ताठपणा उपयोगी आहे. पट्टी बसवताना सायकलच्या टायरचा मूळचा बाक बाहेरच्या दिशेलाच ठेवावा. उलटी बसवल्यास कडा कायम उचलून राहतात. स्कूटरचा टायर त्याहून टिकेल असे वाटून तो वापरण्याचा मोह होईल, पण त्याची पट्टी इतक्या लहान चाकावर वळत नाही आणि वजनही फार होते. मी स्वतः हा प्रयोग करून चार रिम वाया घालवले आहेत.

आपले ट्यूबचे पट्टे का तुटले हेही येथेच सांगतो. ट्यूब जमिनीवर चपटी ठेवून तिची रुंदी मोजावी आणि दुप्पट करावी, की तिचा घेर मिळतो. सायकलच्या ट्यूबचा घेर आपल्या चाकाच्या परिघाहून पुष्कळच कमी असल्यामुळे पट्टा फार ताणून बसवावा लागतो, आणि ताणलेल्या रबराला कडेवर टाचणीएवढी चीर पडली तरी ती क्षणात आरपार जाते. नव्वद मिलिमीटरच्या आसपास चपटी रुंदी असलेली स्कूटरची ट्यूब मिळाल्यास तिचा पट्टा जवळजवळ न ताणता बसतो. तो घरातल्या गुळगुळीत फरशीवर पकड फार चांगली देतो, पण गच्चीवर फार दिवस तग धरणार नाही.

यानंतर चाक गोल करणे. पुष्कळ जण येथे आळस करतात. एक मिलिमीटरही उंचवटा राहिला तर गाडी दर फेऱ्याला उसळते, उसळून पडताना तेच ठिकाण घासते, आणि आठवड्याभरात तेथे सपाट जागा दिसू लागते. चाकाच्या मध्यातून योग्य जाडीचा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी वायसर आणि नट आवळावेत, बोल्टचे टोक ड्रिल मशीनमध्ये धरावे, मशीन टेबलाला शिकंज्याने बांधावे, आणि कमी वेगावर फिरवून लाकडी ठोकळ्याला चिकटवलेला पॉलिश पेपर हळूहळू टेकवावा. रबराचा काळा भुगा सर्वत्र उडतो, म्हणून तोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि हे काम आपण स्वतः करावे, नातवाने व्हर्नियर धरून मोजावे. चारही चाकांचा व्यास एकच यायला हवा. आपली गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे, आणि तिच्यात पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान राहिली तर दोन्ही जोड्या एकमेकींशी झगडत राहतात आणि टायर सरळ रस्त्यावरही घसटत जातात. शिवाय व्यास ६३च्या बराच वर गेला तर मोटरवर जास्त भार पडून ती तापते.

आता तो आतल्या कडेने गेलेला मागील टायर. गाडी सपाट काचेवर ठेवून मागून पाहिल्यास तिची मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतील. एक-दोन अंश कल वळणावर उपयोगी असतो, त्याहून जास्त झाला की सगळे वजन आतल्या कडेवर येते. वरच्या दांडीचा स्क्रू फिरवून तो कमी करता येतो. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील आणि मागच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजून पाहावे. मागच्या चाकांची तोंडे पुढे किंचित आत वळलेली असणे ठीक, पण फरक डोळ्यांना सहज दिसण्याइतका असेल तर चाक तिरके ओढले जात आहे. याच्या जोडीला नातवाला एवढे सांगावे की उभ्या गाडीला एकदम पूर्ण जोर दिल्यावर चाके जागच्या जागी भिरभिरतात तेव्हा टायर जेवढा झिजतो, तेवढा गच्चीच्या कित्येक फेऱ्यांत झिजत नाही. वैशाख-ज्येष्ठात वडोदऱ्याची गच्ची दुपारी अनवाणी चालण्याच्या लायकीची नसते, तापलेल्या फरशीवर गोंद मऊ पडतो, तेव्हा त्या दिवसांत गाडी सकाळीच काढावी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. वसतिगृहात थ्री-डी प्रिंटर आहे. टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचे, टायर छापावेत की सिलिकॉन साच्यात ओतावे? — एक वाचक, फतेगंज, वडोदरा

उत्तर : सिलिकॉन नको. ते उष्णता छान सोसते, पण घासण्याला आणि फाटण्याला फार कच्चे असते. खिडक्यांच्या सांध्यात भरतात त्या सिलिकॉनचा टायर मोझेकवर तासाभरात भुग्यासारखा सुटतो. टीपीयू उलट जातीचे आहे, झिजता झिजत नाही. अडचण अशी की बाजारात सहज मिळणारी त्याची छपाईची तार शोअर ए मापावर (रबराचा कठीणपणा मोजण्याचे माप, आकडा मोठा तितके कठीण) ९५ कठीण असते, आणि खऱ्या मोटारीच्या टायरचे रबर साधारण ६० ते ७० असते. त्यामुळे भरीव छापलेला टायर फरशीवर सरळ घसरतो. भिंती दोनच पदरांच्या आणि आतली भर १० ते १५ टक्के, जाळीदार ठेवली तर तो चाकाखाली दबतो आणि पकड बरीच सुधारते. ८५ची मऊ तार मिळाल्यास अधिक बरे, परंतु तार ढकलणारे यंत्र छपाईच्या तोंडालाच जोडलेले असेल तरच ती नीट जाते, लांब नळीतून ढकलावी लागत असेल तर ती मध्येच वळते. टीपीयू हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात तार कोरडी करून घेतल्याशिवाय छापू नये, नाहीतर थरांत बुडबुडे राहतात आणि टायर थराथराने सोलतो.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या पाइपाचे टायर सर्वांत जास्त टिकतात असे मित्र म्हणतो. खरे काय? — एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : खरे आहे. शेतीसाठी मिळणाऱ्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाची २६ मिलिमीटर रुंद कडी कापून, आतली फट चिकटपट्टीच्या वेढ्यांनी भरून रिमवर ठोकून बसवली, की ती रबरापेक्षा कितीतरी जास्त दिवस चालते, कारण ती जमिनीला धरतच नाही. गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवण्याचा खेळ खेळायचा असेल तर हाच टायर योग्य. साध्या शर्यतीत मात्र पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला जाऊन धडकेल. कडीच्या धारा कापल्यावर पेपरने गोल कराव्यात, अन्यथा घरातल्या फरशीवर ओरखडे उठतील.