मुठीत भोक असलेला चाकू

प्रश्न : नमस्कार सर, मी सेंट लुईसला असते (मूळची सांगलीची). इथे एका घरातलं जुनं सामान विकायला काढलेलं तिथे एक छोटा घडीचा चाकू मिळाला, दोन पाती आणि एक बूच काढायचा स्क्रू आहे, मुठीवर इंग्रजी ए अक्षर आणि त्यात पंख पसरलेला गरुड, पात्याच्या बुडाशी जर्मनी लिहिलंय. कंपनी अमेरिकन की जर्मन हेच कळेना. आणि मुठीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे, ते तुटलंय का? आई फोनवर म्हणाली चिंच लावून घास, लख्ख होईल. घासू का?

उत्तर : घासू नका! आधी त्या भोकाला डोळा अगदी चिकटवा आणि चाकू खिडकीच्या उजेडाकडे धरा, जत्रेत सिनेमाच्या डब्याला डोळा लावायचो ना तसं. आत दाढीवाला एक माणूस दिसला तर लॉटरीच समजा, तो अडॉल्फस बुश, तुमच्याच गावचा बिअरवाला. ए आणि गरुड ही अन्हॉयझर-बुश कंपनीची जुनी खूण. हा गृहस्थ 1857 मध्ये जर्मनीहून सेंट लुईसला आला, अन्हॉयझरच्या मुलीशी लग्न केलं, सासऱ्याच्या धंद्यात शिरला आणि पुढे अख्ख्या अमेरिकेत बिअर पोचवली. लोक व्हिजिटिंग कार्ड देतात तसे हा चाकू वाटायचा, आणि आत स्वतःचा फोटो! मला तर हे भारी वाटतं, कार्ड माणूस दुसऱ्या दिवशी फेकतो, चाकू मात्र खिशातच राहतो.

भोकात काचेची बारीक कांडी असते, डोळ्याकडचं टोक फुगीर म्हणजे तेच भिंग, आणि दुसऱ्या सपाट टोकाला ठिपक्याएवढा फोटो चिकटवलेला. याला स्टॅनहोप म्हणतात. पॅरिसच्या रेने दाग्राँनं 1859 मध्ये याचं पेटंट घेतलं, पुढे 1870 मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा पॅरिसकडे जाणारे निरोप असेच बारीक करून कबुतरांबरोबर पाठवले ते पण यानेच. फोटो कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या डिंकाने चिकटवतात, म्हणून स्पिरिट, थिनर, गरम पाणी यातलं काही तिथे जाऊ देऊ नका, डिंक सुटला की बुशसाहेब गेले. काही दिसलंच नाही तर कांडी पडली असेल किंवा फोटो उडाला असेल, तसे पण बरेच सापडतात आणि किंमत अर्थातच उतरते.

आता जर्मनीचं. कंपनी अमेरिकन, चाकू बनलेला जर्मनीत, बहुतेक झोलिंगनला, चाकूसुऱ्यांसाठी ते गाव प्रसिद्धच आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच असा अमेरिकेचा कायदा 1891 पासून लागू झाला, त्यामुळे चाकू त्यानंतरचा. बुश 1913 मध्ये वारला, पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं आणि जर्मन माल येणं अवघड झालं, म्हणून मी तरी 1891 ते 1914 मधलाच धरीन. बुडाशी अजून काही अक्षरं आहेत का भिंगातून बघा, वेस्टर ब्रदर्स असं असलं तर ते चाकूवाल्याचं नाव, बिअरवाल्याचं नाही, यात लोक फार गोंधळतात. आणि बिअरच्या चाकूला बुचाचा स्क्रू कशाला असं वाटलं असेल तर पत्र्याचं झाकण 1892 मध्ये निघालं, त्याआधी बिअरच्या बाटलीलाही बूच असायचं.

आईंना सांगा चिंच पितळेच्या तांब्याला ठीक, इथे आंबट पाणी सांध्यात जाऊन पातं गंजेल आणि मुठीवरचा रंग पण उडेल. मऊ कोरडं फडकं, आणि बिजागरीला शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब, तोही भोकापासून लांब. पात्याला धार लावायच्या फंदात पडूच नका. सांगलीला आणणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर विमानतळावरच जाईल. आणि हो, आत कोण दिसलं ते कळवा.