दरवर्षी गॅस भरावा लागतो, तो का?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेऊन चार वर्षं झाली. गेले तीन उन्हाळे मार्च संपला की तो गार करत नाही. मेकॅनिक येतो, गेज (दाब दाखवणारा काटा) लावतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, भरतो आणि अडीच हजार घेऊन जातो. एसी इतका गॅस खातो का?

उत्तर : ताई, एसी गॅस खात नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठून तरी गळालाय. तीन वर्षं तुम्ही गळक्या माठात पाणी ओतताय, आणि ओतणारा माठ उलटून बघत नाही.

पण गॅस खरंच कमी होता का, हे आधी बघू. मागच्या एप्रिलात पूर्व भागात एका घरी गेलो होतो. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. आतल्या युनिटच्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर) बर्फ, बाहेर जाणाऱ्या दोन नळ्यांतल्या जाड नळीवरही बर्फ. आदल्या दिवशीचा मेकॅनिक गॅस भरायचं ठरवून गेलेला. मी जाळी काढली तर तिच्यावर कापसाचं तूस इतकं दाट बसलेलं, की टॉवेलचा तुकडा हातात आल्यासारखं वाटलं. जाळी धुतली, मशीन बंद ठेवून बर्फ वितळू दिला, पुन्हा चालू केलं. खोली गार. हवा अडली की कॉइल गोठते आणि गेजचा काटाही खाली येतो, अगदी गॅस कमी असल्यासारखा. गॅस खरोखर कमी असेल तर बर्फ बहुधा आधी बारीक नळीवर धरतो. बाहेरच्या युनिटची कॉइलही धुवून घ्या, आपल्याकडे धुळीला काय तोटा!

दुसरं, तुमचा एसी इन्व्हर्टर आहे. त्याच्या कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, त्याबरोबर काटाही हलतो. नुसता काटा बघून गॅस किती ते ठरत नाही. आर-२२ हा गॅस असलेल्या जुन्या मशीनला काट्यावर साठ-सत्तर पीएसआय (दाबाचं माप) दिसलं, जाड नळीला घाम आला, की मी पान्हा पिशवीत टाकायचो. कित्येक वर्षं तसंच केलं, खोटं कशाला बोलू.

आता गळती. बहुतेक वेळा ती फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळीचं रुंद केलेलं टोक (फ्लेअर) आवळून धरणाऱ्या नटपाशी सापडते : आतल्या युनिटच्या मागे किंवा बाहेरच्या व्हॉल्व्हजवळ. तिथे तेलाचा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की संशय घ्या. साबणाचा फेस लावा, बारीक बुडबुडा हळूहळू फुगेल. फेस सुकेपर्यंत नजर हलवायची नाही, गळती बारीक असली तर बुडबुडा यायला वेळ लागतो. नट दाबून आवळणं हा उपाय नव्हे, तांबं चिरतं. टोक कापून नवी फ्लेअर काढायची.

मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस सोडायचा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ८५० ग्रॅम लिहिलंय तर ८५०च. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर वाढीव ग्रॅम मशीनबरोबरच्या पुस्तकात असतात. येणाऱ्या माणसाला फोनवरच विचारा : 'वजनकाटा आणताय ना?'

प्रश्न : आमच्या एसीवर आर-३२ लिहिलंय, मेकॅनिककडे आर-२२ आहे. 'गॅस तो गॅस' म्हणतो. भरू का? — होटगी रोड

उत्तर : त्याला चहा पाजा आणि दारातूनच परत पाठवा. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, तेलही वेगळं. शिवाय आर-३२ थोडा पेट घेणारा आहे. नळीला बर्नरने जोड मारायचा असेल तर आधी गॅस काढून घ्यायला सांगा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि सिलिंडर गच्चीवर उन्हात नको.